सत्तावीस गोळ्या

मोठा भाऊ गेला त्याला आता दीड वर्ष झालं. सांडोरचं घर, मागची केळीची वाडी आणि वाडीच्या कडेने त्याने स्वतः लावलेली सोनचाफ्याची चौदा झाडं मागे राहिली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, त्यामुळे घरात वहिनी एकट्याच. पहिले सात दिवस संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली आणि माणसं तीस-चाळीसवरून दोन-तीनवर आली. मी स्टेशनजवळ राहतो, स्कूटरने बावीस मिनिटं. एक दिवसाआड जात होतो.

वहिनींना झोप लागत नव्हती. डॉक्टरांनी रोज एक अशा पंधरा दिवसांच्या पंधरा गोळ्या लिहून दिल्या. त्या मीच आणून दिल्या. पंधरा संपल्यावर पुन्हा पंधरा. तिसऱ्या खेपेला मी निघालो तेव्हा वहिनी ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चिठ्ठी अल्तारावर आहे. बिस्किटाच्या डब्याखाली."

क्रूसाखालच्या त्या फळीवरून चिठ्ठी ओढताना डबा हलला आणि आत काहीतरी खुळखुळलं. उघडला तर पाकिटातून सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या. मी सवयीने मोजल्या. मग भीतीने पुन्हा मोजल्या. सत्तावीस. मी तीस आणल्या होत्या आणि तीस दिवस झाले होते. एकही उरायला नको होती.

मी झाकण लावलं, बाहेर गेलो, औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आत न शिरता परत आलो आणि म्हणालो, "माल नाही. सोमवारी येणार आहे." वहिनींशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं असावं. डबा मात्र तिथेच राहू दिला. उचलला तर त्यांना कळेल की मला कळलंय, एवढंच डोक्यात होतं. ही माझी चूक.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सरळ विचारायचं होतंत ना."

"आणि त्यांच्या मनात तसलं काही नसेल तर? मी बोलून ते डोक्यात घालू?"

"सत्तावीस गोळ्या काय आपोआप जमल्या? पावशेर मिरच्या आणल्या तरी पिशवीतल्या मोजता, आणि एवढं विचारायला जीभ रेटत नाही."

त्या संध्याकाळी मी वहिनींना पाच वेळा फोन केला. पंप बंद केलात का, फाटकाला कडी लावलीत का, असलं काहीबाही. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "कडी लावली भावजी. तुम्ही आहात का पहारेकरी?" त्या हसल्या, म्हणून मी फोन ठेवला. मग वाटलं, हसल्या का?

उजाडताच सांडोर गाठलं. स्कूटर बंद केली तर घरातून आवाज नाही. दार नुसतं लोटलेलं. ओसरीपासून वाडीपर्यंत सव्वीस पावलं आहेत. त्या दिवशी ती संपता संपेनात. वहिनी चाफ्याखाली होत्या. आकडीने फांदी वाकवून विकायच्या कळ्या फुलायच्या आत खुडत होत्या.

मी जागेवरूनच विचारलं, "वहिनी, त्या गोळ्या जीव द्यायला जमवल्यात का?"

फांदी सुटून वर गेली.

"पहिल्या तीन घेतल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी डोळाच उघडेना. उठेपर्यंत चाफा झाडावरच फुलून गेलेला. तुमच्या भावाने एक दिवस तसा जाऊ दिला नव्हता. म्हणून बंद केल्या, डब्यात टाकत गेले. मग डबा भरला तशी त्याच्याकडे नजर जायला लागली."

"किती वेळा?"

"तुम्ही आकडा विचारणार, ठाऊक होतं मला. रोज. रविवारी मिस्सेवरून आल्यावर दोनदा."

मी तिथेच मातीत बसलो. त्याही शेजारी बसल्या. म्हणाल्या, "चिठ्ठी डब्याखाली ठेवली होती ना मी."

डबा मी घेतला. तेव्हाच डॉक्टरांना फोन लावला आणि दहा वाजता आम्ही दोघं त्यांच्यासमोर होतो. मुलगी महिनाभर येऊन राहिली. वहिनी आता दर पंधरवड्याला मन मोकळं करायला एका बाईंकडे जातात, औषधही दुसरं आहे आणि ते माझी बायको आठवड्याआठवड्याने नेऊन देते.

मुलगी परत गेली त्या दिवशी वहिनींनीच ठरवलं: कळ्या खुडून झाल्या की मला फोन करायचा आणि किती निघाल्या ते सांगायचं. साधारण सव्वासातला येतो. "एकशे बारा." "नव्वद." बाकी बोलणं नसतं.

गेल्या मंगळवारी साडेसात झाले, फोन नाही. मी केला तर उचलला नाही. सात चाळीसला मी हेल्मेट घालून जिन्यात होतो, बायको मागून पर्स घेऊन निघालेली. तेवढ्यात वाजला.

"मोजताना चुकले, पुन्हा मोजत बसले," वहिनी म्हणाल्या. "एकशे चार. लिहून घ्या."

मी जिन्यातच बसून लिहून घेतलं. हेल्मेट काढायचं राहिलं होतं.