सेट लागेपर्यंत

आमच्या सोसायटीच्या हौशी मंडळाने यंदा एक जुनं, गाजलेलं नाटक बसवलं. त्यातली नायिका शेवटच्या अंकात गप्पच असते, म्हणून तिच्या मनातलं मी कवितेत लिहिलं. दिग्दर्शक अण्णा म्हणाले, "छान! शेवटच्या अंकाआधी पडद्यापुढे वाच. मागे सेट लागला की घंटा देतो, मग आवर हं."

मी वाचत होते आणि पाठीमागे पलंग सरकत होता. बाईचं मन ऐकायचं ते एवढ्याच सवडीत, सेट लागेपर्यंत! पहिल्या रांगेतल्या एक आजी मात्र पुढे झुकून ऐकत होत्या. कवितेत नायिका आता कुठे तोंड उघडणार, तोच घंटा झाली.

आतून नुसती धुमसत होते. तरी ओळ अर्धवट सोडून, नमस्कार करून विंगेत गेले.

नाटकात तिला नाटककाराने गप्प बसवलं होतं. इथे मीच बसवलं.