ताटाबाहेरचं पदक

खंडेनवमी, सकाळी नऊ. हजर: अप्पाकाका, काकू आणि मी. पूजेची यादी माझ्याकडे होती: विळी, कात्री, शिलाई मशीन, काकांचं शौर्यपदक. काका युद्धात बॉम्बर विमान चालवायचे. काकूंनी दरवर्षीसारखं पदक ताटात ठेवलं. यंदा मात्र काकांनी ते उचलून टेबलावर ठेवलं.

"अहो, ऐंशी ओलांडली, आता कसले नखरे?" काकू म्हणाल्या.

"नखरे नाहीत गं. पूल पाडायला विमान अगदी खाली आणलं, तेव्हा पुलाशेजारच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. त्यात तीन झबली होती. परतल्यावर आमचं कौतुक झालं. झबल्यांबद्दल कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही."

काकूंच्या हातातलं झेंडूचं फूल तसंच राहिलं.

उंचावरून पूल नुसता पूल दिसत असेल. काकांनी विमान खाली आणलं म्हणून त्यांना पदक मिळालं, आणि खाली आणलं म्हणूनच झबली दिसली. इतकी वर्षं आम्ही मात्र फक्त पदकाला हळदकुंकू वाहत आलो.

आरती झाली. यादीत विळी, कात्री, मशीन, सगळ्यांपुढे मी खूण केली. पदक टेबलावरच आहे, पंख्याच्या वाऱ्यानं त्याची फीत हलते आहे. ते आता कुठे ठेवायचं, हे काकांना विचारायचं राहिलं आहे.