दवनीवाड्यातलं जुनं दुखणं

गोंदियाला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. पुण्याहून काय कमी लांब आहे! रिक्षावाल्याला मी माझ्या दिव्य हिंदीत दवनीवाडा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मराठीतच बोला." पुढे पाऊण तास दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं), लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या.

निघाले होते मैत्रिणीच्या, रेखाच्या घरी. तिची लेक सोनल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा लागलेला. ओटी भरायची होती.

रेखाने गरम आयते (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) वाढले. सोनल मात्र कमरेवर हात दाबून बसलेली. तिला अ‍ॅडेनोमायोसिस होता. गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरतं, पिशवी सुजते, पाळीत जीव नकोसा होतो. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: पुष्कळांचं नीट पार पडतं, पण बाळ लवकर येऊ शकतं, नंतर रक्तही जास्त जाऊ शकतं. म्हणून बाळंतपण गावात नको, दवाखान्यातच करा.

"अवं, तू कायले घाबरून राहिलीस?" माझा चेहरा बघून रेखा म्हणाली नि गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. "नववीपासून पोट धरूनच बसते हे पोरगी."

सोनलही म्हणाली, "जुनंच आहे, मावशी."

मी पोटावर हात ठेवला. दगडासारखं झालं, मग सैल पडलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"जुनं दुखणं असं मधे थांबायचं?"

"नाही. दिवसभर एकसारखं."

"मग हे थांबून थांबून का येतंय गं?" मी विचारलं.

रेखाच्या हातातली पिशवी खाली पडली. अगं बाई, या कळा होत्या! ओटीचं ताट तसंच राहिलं. शेजाऱ्यांची जीप काढून गोंदियाचा दवाखाना गाठला.

दुपारी मुलगी झाली. एवढीशी, थेट काचपेटीत. मागोमाग रक्त थांबेना. फाइल बघून डॉक्टरांनी आधीच तयारी ठेवली होती, म्हणून सोनल हाती लागली. बाहेर रेखा कपाळ बडवून घेत होती, "इतकी वर्सं तिचं दुखणं आयकलं वं, म्हणून आज आयकूच नाही आलं!"

तिला काय बोलणार मी? कॉलेजची तीन वर्षं सोनल माझ्याकडेच होती. दर महिन्याला कळवळायची. मी ओवा द्यायचे नि म्हणायचे, बायकांचं दुखतंच, इतकं काय त्यात! मला लाज वाटली, अजून वाटते.

आठ दिवसांनी निघताना सोनलपाशी ते बोलून टाकलं. बाळ अजून पेटीतच होतं, पण दूध पचवू लागलं होतं.

तिने माझा हात धरला. "मावशी, तुम्हीच काय, मी पण त्या दिवशी सकाळपासून स्वतःले तेच सांगून राहिली होती."