कांबळे सरांचा डावा हात

आमच्या गिटार क्लासमधले तिघं-चौघं कुठल्याही लग्नात भेटलो, की पाच मिनिटांत किस्से सुरू होतात. एक संपायच्या आत दुसरा, "अरे, ते आठवतंय का?" बायका कंटाळून उठून जातात. पूर्वी हे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. आता मला धड हसू येत नाही. ज्या वर्षांत हे सगळं घडलं, त्याच वर्षांत कांबळे सरांचा डावा हात निकामी होत चालला होता, आणि आम्ही दहा गाढवं समोर बसून ते बघत होतो!

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत क्लास भरायचा. सर ऑर्केस्ट्रात वाजवून आलेले. भीमगीत, लावणी, गझल, इंग्रजी गाणी, सगळ्याला साथ करायचे. त्यांचा नियम एकच, एफ कॉर्ड पास झाल्याशिवाय स्टेज नाही. एफ म्हणजे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीची तीन आपापल्या जागी. परीक्षा अशी, की कॉर्ड आपण धरायचा आणि सर समोर बसून स्वतःच्या उजव्या हातानं एकेक तार छेडणार. सहाच्या सहा वाजल्या तर पास.

माझी दोन नंबरची तार कधीच वाजली नाही.

"मेलीय ही. जा, पुरून ये!" सर म्हणायचे. तीन वर्षं मी तेच ऐकत होतो.

*

एकदा सरांची सूर लावायची शिट्टी हरवली. खाली गिरणीची मोटर दिवसभर एका सुरात घुमायची. आम्ही सगळ्यांनी गिटारी त्या मोटरवरच लावायला सुरुवात केली. क्लासमध्ये एकमेकांशी झकास जुळायच्या!

मग आलं कॉलेजचं गॅदरिंग. पहिल्याच ओळीला पेटीवाला थांबला. "गिटारी उतरल्यात की सगळ्या!"

आमचा सुनील माइकमध्ये म्हणाला, "पेटी चढलीय. खोटं वाटत असंल तर गिरणीला विचारा!"

सर विंगेत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसतच स्टेजवर आले, एक गिटार घेतली आणि खुंट्या पिळायला लागले. डाव्या हाताची पकड सुटली. परत सुटली.

"घाम आलाय हाताला," म्हणाले. डिसेंबर होता.

*

हा सुनील इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी करून एसटीनं क्लासला यायचा. मागांच्या आवाजानं पंचविशीतच त्याचे कान अर्धे गेलेले. तार वाजली की नाही हे कळायला तो हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकवायचा. आम्ही चिडवायचो. सर म्हणाले, "त्याला हाडानं ऐकू येतंय. तुम्हास्नी कानानं बी न्हाय!" आणि त्याला पास केलं.

एकदा सर एफ धरून दाखवत होते. सुनीलनं सवयीनं त्यांच्या गिटारला हनुवटी लावली आणि म्हणाला, "सर, चार नंबर मेलीय."

चार नंबर म्हणजे करंगळीनं दाबायची तार. वर्ग हसून हसून आडवा झाला! सरही हसले. "आज पावणं मास्तर झालं." मग त्यांनी तोच कॉर्ड परत धरला. परत धरला. आणि तास लवकर सोडला.

*

अभिजितला फक्त रॉक वाजवायचं होतं. त्यातले पॉवर कॉर्ड दोन बोटांत होतात. सर भडकायचे, "दोन बोटांत कसलं आलंय संगीत? पोळपाट बडव त्यापरीस!"

आणि एका सोमवारी सरांनी स्वतःच पॉवर कॉर्ड शिकवायला घेतले. अभिजितनं पेढे वाटले. "सर मॉडर्न झाले!"

पुढं काही महिन्यांनी आणखी नवीन. सगळ्या तारा एकाच कॉर्डमध्ये लावायच्या आणि त्यांच्यावरून काकींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, स्टीलचा छोटा पेला सरकवत न्यायचा. आवाज असा रडका, की अंगावर काटा यायचा. "बाहेरच्या देशात असं वाजवत्यात," सर म्हणाले. "बोटं लागतच न्हाईत बघा!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या वहीत अजून आहे, 'नवीन स्टाइल'. मूर्ख कुठला!

*

सरांच्या मानेतली नस दबली होती. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. क्लास बंद पडला. मी बिद्रीला नोकरीला लागलो. तिथून कोल्हापूर कितीसं लांब? पण चार वर्षं सरांकडं गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

गेलो तेव्हा सर कॉटवर बसले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला. काकींनी चहा दिला. बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग सरांनी भिंतीकडं मान केली. "काढ ती."

मी गिटार काढली, सुरात लावली.

"एफ धर."

बोटं घट्ट दाबली. सर पुढं सरकले आणि उजव्या हातानं छेडायला लागले. सहा. पाच. चार. तीन. दोन नंबरची तार वाजली! एक नंबरचीही वाजली.

"पास का सर?"

"गप. हलू नको."

आणि त्यांनी गाणं सुरू केलं. कॉर्ड माझ्या हातात, ठेका त्यांच्या. "डी मायनर. हां. आता सी. परत एफ." काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. एक गाणं संपलं, दुसरं झालं, तिसरं झालं. माझं मनगट पेटलं होतं, बोटांवर वळ उठले होते.

"सर, हात भरून आला हो."

सरांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"माझा न्हाय आला अजून. बी फ्लॅट धर."