एसीच्या पाठीवरची ताटी

हिंगणीहून बाबांना आणायला गेले तेव्हा ते पिशवी भरून ओट्यावर बसले होते. पिशवीशेजारी वाळ्याची एक ताटी गुंडाळून ठेवलेली.

"ही कायले?" मी विचारलं.

"तुह्याकडे उन्हाळा नाई का?"

"बाबा, माह्याकडे एसी आहे."

"असू दे न. मी का त्याले नाई म्हणतो?"

एसी मी त्यांच्यासाठीच घेतला होता. हे तेव्हाही मी मान वर करून सांगायची आणि आताही सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. झाले, वर्ध्याला नोकरी लागली, दोन खोल्यांचं घर झालं, आणि आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता तेव्हा माझ्या खिडकीत एसी बसला. आई आधीच गेली होती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबांना गावात ऊन लागलं आणि सेवाग्रामला दवाखान्यात सलाईनवर पडावं लागलं. म्हणून त्या वर्षी पाऊस लागेपर्यंत त्यांना माझ्याकडून हलू द्यायचं नाही, एवढंच मी धरून बसले होते.

ताट्या बांधणं हा बाबांचा उन्हाळ्याचा धंदा. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, ते बोर नदीच्या काठचा वाळा खणून आणायचे, मुळ्या धुऊन बांबूच्या कामट्यांत बसवायचे, आणि सायकलवर लादून वर्ध्यातल्या हापिसांच्या, बंगल्यांच्या कुलरांना लावून द्यायचे. आमच्या स्वतःच्या घरी कुलर नव्हता. बाबा परतले की त्यांच्या सदऱ्याला वाळ्याचा वास यायचा, आमच्या वाट्याचा गारवा तेवढाच. त्या वासाशेजारी बसून मी अभ्यास केला आहे.

पहिले काही दिवस एसीनं माझं नाव राखलं. मग बाबा कुरकुरायला लागले.

"सकाळी बरा राह्यते वं, पण दुपारी तुहा एसी हाफते. नुसती गरम हवा फेकते."

मी संध्याकाळी हापिसातून येऊन लावला की खोली गार. मला वाटलं, यांना करमत नाही, म्हणून बहाणे. तरी मेकॅनिक बोलावला. तो सकाळी आला, जाळी धुतली, म्हणाला, "ताई, गॅस बरोबर आहे. दुपारी व्होल्टेज कमी पडत असंल." स्टॅबिलायझर लावला. दुपारी पुन्हा तेच.

"राहू दे आता," बाबा म्हणाले. "मी रविवारी हिंगणीले चाललो. तिथं निंबाखाली बरा राह्यतो मी."

शनिवारी माझा अर्धा दिवस. भर उन्हात घरी आले. खोलीत खरंच काहिली होती. एसीचा पंखा फिरत होता, पण येणारी हवा कोमट. बाबा खोलीत नव्हते. पडदा सरकवला तर मागची खिडकी हातभर उघडी. मी मागच्या अंगणात गेले. बाबा डोक्याला दुपट्टा बांधून उभे होते. एसीच्या पाठीवर दोन खिळ्यांना ताटी घट्ट आवळून टांगलेली, आणि ते तिच्यावर गडव्यानं पाणी मारत होते.

"बाबा, काय करून राह्यले?"

"थो मांगून वाफा टाकून राह्यला न. घामाघूम झाला बिचारा. त्याले गार करतो."

"अन् खिडकी काऊन उघडी?"

"हवा नाई आली तं थंडी कोठून येईन? कुलर लावल्यावर खिडक्या बंद ठेवते का कोणी?"

"मले संध्याकाळी ताटी दिसली नाई कधी."

"दिसन कशी? ऊन उतरलं का काढून सुकाले ठेवतो. रातभर ओली राह्यली तं सडते. ताटीवाल्याची पोरगी अन् येवढं माहीत नाई तुले."

मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं, "कुलर बाहेरची हवा आत घेते. एसी आतली गरमी मागून बाहेर फेकते. त्याच्या पाठीलेच ताटी बांधली तं गरमी जाईन कोठं? नाक दाबल्यावानी होते त्याले. मंग मशीन तापून बंद पडते अन् नुसता पंखा फिरत राह्यते. वरून तुमची खिडकी उघडी."

बाबांनी गडवा खाली ठेवला. ताटी उतरवली, खिडकी लावून घेतली. मशीन जरा निवू दिली, मग एसी पुन्हा लावला. खोली चांगली गार झाली. बाबा खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर रिकामे.

"आता झालं न बरोबर?"

"झालं. तुह्या घरी सगळं आपोआप होते, माय. मले का करा लागते इथं?"

आणि त्यांनी कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहिलं.

मी उठले, अंगणातली ओली ताटी उचलली आणि समोरच्या ओसरीत नेली. ओसरी पश्चिमेची, दुपारनंतर तिथं उभं राहवत नसे.

"बाबा, इथं झळ येते. हे ताटी इथं बसवून द्या."

ते दारात येऊन बघत राहिले. "इथं कशी बसन? चौकटच वाकडी आहे तुही."

"तं सरळ करा."

"कोण्या मिस्त्रीनं बसवली व हे?" त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. "तार आण. सुतळी नको, तार."

रविवार आला आणि गेला. पिशवी कोपऱ्यातच राहिली. बाबा पाऊस लागेपर्यंत माझ्याकडे होते. दुपारी एसी बंद करून ओसरीत खाट टाकायचे, थोड्या थोड्या वेळानं ताटीवर पाणी मारायचे. मी हापिसातून यायची तेव्हा फाटकाशीच वास यायचा, आणि कळायचं, आहेत.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. एसीही बदलला. उन्हाळ्यात कधी दुपारी तो मान टाकतो, मग नवा मेकॅनिक येतो नि सांगतो, "मॅडम, मागं हवा मोकळी ठेवा." मागं मोकळंच असतं.

ताटी ओसरीत आहे. जुन्या वाळ्याचा वास उडून जातो, हे बाबाच गिऱ्हाइकांना सांगायचे आणि दरवर्षी नवी ताटी घ्यायला लावायचे. मला माहीत आहे. तरी उन्हाळ्यात घरी आले की मी आधी गडवाभर पाणी तिच्यावर मारते, आणि थोडा वेळ तिथंच उभी राहते.