काळा चाकू, लाकडी चाकू आणि नानांची विहीर

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते. चहा घ्या, शेव घ्या, पण हसू नका. मी अजून चिडलेली आहे. खिशातल्या एका चाकूपायी माझी जी शोभा झाली, ती भडगावात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही तरी ती माझ्या तोंडून ऐका, कारण गावात फिरणाऱ्या आवृत्तीत मी नानांच्या अंगावर धावून गेले, असं आहे. नाही गेले! नुसती ओरडले.

शाळा डेहराडूनला, कॉलेज बंगळुरूला. सगळे म्हणाले, आता ही कशाची परत येते? मी आले. गिरणेकाठी मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका टाकायची, या भागातल्या शेतकऱ्यांना इथेच चांगली रोपं द्यायची, हे ठरवूनच आले. जमीन आमची, पण पाणी नानांच्या विहिरीचं. नाना म्हणजे माझे मोठे काका. त्यांनी शब्द दिला होता, "तू रोपं लाव, बेटा. पाइप मी जोडी देसू."

रोपवाटिकेत दिवसभर काहीतरी कापायचं असतं. सुतळी, ठिबकची नळी, खताच्या गोणीची शिवण. कायम खिशात राहील असा घडीचा चाकू हवा. मी दोन आणले. एक बंगळुरूहून: काळा, एका हाताने अंगठ्याने उघडणारा, उघडला की खट्‌कन पक्का बसणारा. दुसरा धुळ्याच्या बाजारातला: लाकडी मुठीचा, देखणा, पण पातं नखाने ओढून काढायचं. दोन्ही वापरून बघायचे आणि एक ठेवायचा. कसं अगदी शास्त्रशुद्ध!

घरातून पहिला प्रश्न आईचा. "पोरीच्या खिशात चाकू कशाला?"

"पोराच्या खिशात कशाला असतो?"

"असतो आपला."

हे उत्तर आहे का? तुम्हीच सांगा!

काळ्याची पहिली चाचणी धुळ्याहून येताना एसटीत झाली. रोपांचा गठ्ठा मांडीवर, सुतळी खोडांना काचत होती. मी चाकू काढला. खट्! शेजारच्या बाईंनी पोर उचललं आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या सीटवरचे आजोबा हात जोडून म्हणाले, "ताई, मनाजोडे काहीच नई शे व!" मी लुटायलाच निघाले, असं वाटलं त्यांना.

कंडक्टर धावत आला. "मॅडम, आधी ते बंद करा."

आता समोरच्याच सीटवर एक गृहस्थ वीतभर सुरीने काकडी कापत बसले होते. निवांत! मी बोट दाखवलं. "मग त्यांना सांगा ना!"

"ते काकडी कापताय हो."

"मी सुतळी कापतेय!"

"पण तुम्ही रागात कापताय."

रागात नव्हते. त्यानंतर झाले.

तर निकाल काय? काळा जिंकला. कलम करताना एक हात फांदीवर असतो, चाकू एकाच हाताने उघडायला हवा. लाकडी उघडताना माझी नखं तुटायची. मग ठरवलं, लाकडी नानांना द्यायचा. त्यांना आवडेल, आणि पाइपची आठवणही होईल.

दोन्ही चाकू घेऊन गेले. नाना ओट्यावर, अक्का चहा गाळत होत्या. अक्का म्हणजे काकू, पण सगळं गाव त्यांना अक्काच म्हणतं. मी काळा बाजूला ठेवला आणि लाकडी पुढे केला. "नाना, हा तुम्हाला."

नाना खूश झाले. पण हात काही पुढे येईना.

"खाले ठेव, बेटा. मी उचली लेसू."

"खाली का?"

"चाकू हातमा देतस नई. भांडन व्हस."

आणि इथे माझं डोकं फिरलं. का माहीत आहे? आमच्या घरात मुहूर्त नाही, पत्रिका नाही, नवस नाही. दर पौर्णिमेला विहारात जाणारं घर आहे आमचं. आणि तिथे अंधश्रद्धेवर भाषण कोण करतं? नाना! माईक हातात घेऊन, मूठ आपटून! बाकी कोणी म्हणालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण नाना?

"नाना, तुम्ही हे बोलताय?"

"अवं, ती विहारनी गोष्ट. ही चाकूनी शे."

"मी खाली ठेवणार नाही. हातात घ्या."

"ठेव ना वं माय," अक्का म्हणाल्या, "चहा गार व्हई राह्यना."

"प्रश्न चहाचा नाही, अक्का! प्रश्न तत्त्वाचा आहे!"

मग मी जे सुरू झाले! हात पुढे, हातात चाकू, आणि तोंडाने व्याख्यान. कार्यकारणभाव काय, भीती पिढ्यानपिढ्या कशी मुरते, आपल्या माणसांनी काय सोसून हे सगळं झुगारलं. आवाज चढत गेला. शेजारी कुंपणाशी गोळा झाले. नाना म्हणाले, "हळू बोल." मी म्हणाले, "का हळू बोलू?" नाना म्हणाले, "मोठासमोर असं बोलतंस का?" मी म्हणाले, "मोठे ढोंगी असतील तर बोलेन!"

हो. म्हणाले मी. ढोंगी म्हणाले.

नाना उठले, माझ्या हातातून चाकू घेतला. सरळ हातात!

मला वाटलं, जिंकले. विजयाने शेजाऱ्यांकडे बघत मी ओरडले, "बघा! घेतला हातात! कुठे झालं भांडण?"

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग आते जे चालू शे, ते काय शे?"

कुंपणापलीकडे जे हसू फुटलं, ते मला घरापर्यंत ऐकू येत होतं. तणतणत निघून आले आणि काळा चाकूही ओट्यावरच राहिला.

मग काय? पाइपचं नाव कोण काढणार? नानांनी नाही म्हटलेलं नव्हतं. मीच विचारणार नव्हते. तत्त्व होतं ना! वर मे महिन्याचं ऊन. मी हापशावरून कॅन भरभरून रोपं जगवत होते आणि सुतळी दातांनी तोडत होते. रोपांना मात्र माझी तत्त्वं काही कळली नाहीत. पानं वळायला लागली. कडेची पूर्ण ओळ सुकून गेली, तेव्हा मी चपला घातल्या आणि नानांकडे गेले.

"नाना, ते... पाइप."

"जोडू ना. मी कव्हय नई म्हनं?" नाना शांतपणे म्हणाले. मग आत गेले, दोन्ही चाकू घेऊन आले. लाकडी वाकून ओट्यावर ठेवला. काळा तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला.

"बोल. कोनता?"

मी काळ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यात पडलेल्या पाइपच्या गुंडाळीकडे. अक्कांनी तोंडाला पदर लावला होता.

मी वाकले. ओट्यावरचा उचलला.

"बरं," नाना म्हणाले, "मंग हाऊ मी ठेवी लेस."

पाणी त्याच संध्याकाळी आलं. रोपं आता छान आहेत, नखं नाहीत. कोणी विचारलं, लाकडीच का निवडला, तर सांगते, स्थानिक कारागिरीला प्रोत्साहन!

परवाच्या पौर्णिमेला नानांनी विहारात पुन्हा अंधश्रद्धेवर भाषण केलं. मूठ आपटून. भाषण झाल्यावर खिशातून माझा काळा चाकू काढला, एका हाताने खट्‌कन उघडला आणि सगळ्यांना कलिंगड कापून दिलं.

सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. काय करणार? पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात आहे.