पिवळा रुमाल

"साहेब, मले मशीनवर नका बसवू. माहा हात जड हाय."

वंदनाताई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. मी त्यांना प्रमोशन द्यायला बोलावलं होतं, आणि एक चूक कबूल करायला. दुसरं अजून तोंडातून निघालं नव्हतं.

नांदगाव पेठच्या एका गारमेंट युनिटमध्ये मी ट्रेनिंग ऑफिसर होतो. शिक्षण मानसशास्त्राचं. नव्या बायकांची पेगबोर्ड टेस्ट घ्यायचो. म्हणजे भोकं पाडलेली फळी; त्यात घड्याळ लावून खुंट्या बसवायच्या. हात चपळ असेल तिला हिरवा रुमाल आणि शिलाई मशीन. हात सावकाश असेल तिला पिवळा रुमाल आणि धागे कापायचं काम. रुमाल डोक्याला बांधायचा, सुपरवायझरला लांबून कळावं म्हणून. ही कल्पना माझीच.

त्या बॅचच्या वेळा शीटवर चढवताना मी एक ओळ चुकलो. वंदनाताई सगळ्यांत चपळ होत्या. त्यांच्या नावापुढे शेजारच्या बाईचा आकडा गेला, त्यांचा तिच्या नावापुढे. दुसऱ्याच महिन्यात ते माझ्या लक्षात आलं. मॅनेजर म्हणाले, "लाइन सेट झाली, आता कशाला हलवता?" मला तेच ऐकायचं होतं. दीड वर्ष गप्प बसलो. तोवर ती शेजारची बाई हिरव्या रुमालात चांगली ऑपरेटर झाली होती.

"हात जड आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच. रुमाल कोनं देला?"

मग सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांना पटलंच नाही. म्हणून टेस्ट पुन्हा घेतली. फळी तीच, खुंट्या त्याच. दर खुंटीला त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. वेळ पिवळ्यातलीच आली.

"पाहा, मी म्हटलं नव्हतं?" त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

माणूस स्वतःला इतरांच्या नजरेतून ओळखत जातो, हे उत्तर मी परीक्षेत चांगलं लिहिलं होतं.

दारातून त्या वळल्या. "पोरगी शिलाईच्या क्लासले जातो म्हने. मी नाही म्हटलं. माहाच हात असा, तं तिचा कसा राहीन? पन तुमचाबी आकडा चुकते म्हनता, तं आता तिले जाऊ देईन. मले धागेच राहू द्या."

शीट त्याच दिवशी दुरुस्त केली. रुमाल बंद केले. वंदनाताई मात्र सवयीनं पिवळाच बांधून यायच्या.

दुसऱ्या महिन्यातच बोलायला हवं होतं. तेव्हा फक्त आकडा चुकलेला होता.